लक्झेंबर्गला जाताय? तिकीट नको, पण पासपोर्ट खिशात हवा

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढून टाकलेत.)



आज मी तुम्हाला लक्झेंबर्ग कसं फिरायचं ते सांगणार आहे. आणि त्याच ओघात हेही सांगणार आहे की ३१ वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काम केलेल्या माझ्या बाबांना परदेशात विनातिकीट प्रवासाबद्दल दंड कसा झाला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून तर हा भाग करतोय.

आधी देश केवढा आहे ते डोळ्यांसमोर आणू. लक्झेंबर्गचं क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर. आपला गोवा ३,७०२. म्हणजे गोव्यापेक्षाही लहान. उत्तर-दक्षिण ८२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ५७. बाजूला बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी. आकडे ऐकून तुम्हाला जे वाटतंय तेच मलाही वाटलं होतं: "एका दिवसात उरकेल!" मी इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट काढली आणि बारा दिवसांत पाच देश बसवले. आईने शीट बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "यात बसायचं कधी?" मग ती शीट डिलीट केली आणि २०२५ च्या मे महिन्यात आम्ही तिघं सहा रात्री फक्त लक्झेंबर्गमध्ये राहिलो. हा निर्णय बरोबर होता. एकाच ठिकाणी मुक्काम करायचा, बॅगा तिथेच ठेवायच्या आणि रोज सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं. लहान देशाचा खरा फायदा हाच.

आता व्हिसा. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. तुम्हाला शेंगेन व्हिसा लागतो. नियम सरळ आहे: ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. सगळीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. "अमुक देश पटकन देतो म्हणे" असं ऐकून तिथले हॉटेल बुकिंग दाखवायचे, व्हिसा आला की रद्द करायचे आणि फिरायचं भलतीकडेच, हा उद्योग करू नका. विमानतळावर अधिकारी विचारतो, कुठे राहणार, किती दिवस. उत्तर आणि कागद जुळले नाहीत तर तो तिथूनच परत पाठवू शकतो. आईवडील सोबत असताना तो धोका कशाला?

बाकी गोष्टी पटापट. प्रौढांसाठी फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. आईवडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमचे बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. बाबांची पेन्शन किती तुटपुंजी आहे ते कागदावर दिसतं. ते लपवायची गरज नाही, खर्च कोण करतंय ते स्पष्ट लिहायचं.

मुंबईहून लक्झेंबर्गला थेट विमान नाही. मध्ये फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम असं कुठेतरी बदलावं लागतं, आणि इमिग्रेशन होतं ते त्या पहिल्या शेंगेन विमानतळावर. म्हणून मधला वेळ तासाभराचा घेऊ नका, निदान तीन तास ठेवा. आमच्या वेळी पासपोर्टवर शिक्का पडला होता. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत आली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो.

चला, पोचलो. विमानतळाच्या बाहेर पडलात की समोर ट्राम. मार्च २०२५ पासून ती विमानतळापर्यंत येते. बसा आणि शहरात या. तिकीट काढायचं नाही. बरोबर ऐकलंत. २९ फेब्रुवारी २०२० पासून या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा सेकंड क्लास सगळ्यांसाठी फुकट आहे. तिथल्या नागरिकांना, पाहुण्यांना, तुम्हा-आम्हाला. कार्ड नाही, ॲपमध्ये नोंदणी नाही, काही नाही. फक्त रेल्वेच्या फर्स्ट क्लासला पैसे पडतात, तेव्हा डब्यावरचा १ आकडा बघून चढा.

बाबांची पहिल्या दिवशीची अवस्था सांगतो. ट्राममध्ये बसले आणि मान वळवून वळवून बघायला लागले. म्हटलं, काय शोधताय? म्हणाले, "कंडक्टर." म्हटलं, नाहीये. तर खिशातून दहा युरोची नोट काढून हातात धरून बसले. उगाच कोणी आलं तर! आईची त्या मानाने तयारी होती. मार्च २०२३ पासून तिला एसटीत अर्धं तिकीट आहे. ती म्हणाली, "आपल्याकडे अर्धं केलं, यांनी सगळंच सोडलं. त्यात काय एवढं?" बाबांना मात्र हिशेब हवा होता. यांचं भागतं कसं? मी वाचून गेलो होतो. तिकिटांतून येणारे पैसे एकूण खर्चाच्या दहावा हिस्साही नव्हते, बाकीचा भार आधीपासूनच सरकारी तिजोरीवर होता. बाबा विचार करून म्हणाले, "म्हणजे श्रीमंताची चैन." पण दुसऱ्या दिवसापासून ती नोट बाहेर आली नाही.

शहर बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नकाशा तुम्हाला फसवतो. नकाशावर दोन ठिकाणं दोनशे मीटरवर दिसतात, पण एक कड्यावर असतं आणि दुसरं खाली दरीत. जुनं शहर वर, ग्रुंड आणि फाफेनथाल या वस्त्या नदीकाठी खाली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी आधीच लिफ्ट शोधून ठेवल्या होत्या. वरच्या शहरातून ग्रुंडला उतरायला कड्याच्या पोटातून लिफ्ट आहे. फाफेनथालची लिफ्ट तर ७१ मीटर उंच, काचेची, २०१६ मध्ये झालेली. दोन्ही फुकट. म्हणजे आधी वरचं शहर बघायचं, लिफ्टने खाली उतरायचं, नदीकाठाने सपाट चालायचं आणि दुसऱ्या लिफ्टने वर यायचं. अख्ख्या दिवसात आईला एकही मोठा जिना चढावा लागला नाही. फाफेनथालमध्येच युथ होस्टेल आहे. एकटे किंवा मित्रांबरोबर जाणार असाल तर तिथे बघा, कारण हॉटेलं महाग आहेत. युरोपीय संघाची न्यायालयं, बँका सगळं इथे असल्यामुळे सोमवार ते गुरुवार कामाने आलेल्या लोकांची गर्दी असते. शनिवार-रविवारी दर बरेचदा उतरतात. बाकी सगळीकडे याच्या उलट असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

किल्ल्यांचं वेड असेल तर बॉकचा कडा चुकवू नका. इसवी सन ९६३ मध्ये काउंट सीगफ्रीडने तिथे गढी उभी केली आणि पुढे त्याभोवती शहर वाढलं. खडकाच्या आत भुयारं आहेत. एकेकाळी २३ किलोमीटर होती, त्यातली १७ अजून टिकून आहेत. १८६७ च्या लंडन तहाने हा देश तटस्थ ठरला आणि तटबंदी पाडायचं ठरलं, पण भुयारं पूर्ण बुजवली तर वरचं शहर खचलं असतं. आपण राजगड-तोरण्याला चोरदरवाजे शोधत फिरणारी माणसं. तिथे दोन तास कसे गेले कळलं नाही. भुयारात थंडी असते, मे महिन्यातही जॅकेट घ्या. अरुंद गोल जिने आहेत, आई बाहेर बाकावर बसली आणि तिला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

दुसरा दिवस व्हियान्डेनसाठी ठेवा. शहरातून रेल्वेने अर्ध्या तासात एटेलब्रुक, तिथून बस. डोंगरावर किल्ला, खाली नदी आणि गाव. किल्ला पार ढासळला होता. १९७७ मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला आणि पुन्हा उभा केला. गावातून वर जायला खुर्च्यांचा रोपवे आहे, त्याचे पैसे पडतात आणि तो हिवाळ्यात बंद असतो. व्हिक्टर ह्युगो १८७१ मध्ये या गावात राहिला होता, त्या घरात संग्रहालय आहे.

इथे महत्त्वाची सूचना. बस फुकट आहे म्हणून ती रात्रभर धावते असं नाही. गावात उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढा आणि परतीच्या शेवटच्या दोन बस लिहून ठेवा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात. तिथल्या सरकारी वाहतुकीचं मोबिलितेट नावाचं ॲप आहे, ते आधीच उतरवून घ्या. बस येताना दिसली की हात करा, नाहीतर चालक पुढे निघून जाऊ शकतो. हे बाबांना कोणी शिकवावं लागलं नाही.

तिसरा दिवस एश्टरनाख. देशातलं सगळ्यात जुनं गाव, ६९८ मध्ये संत विलीब्रॉर्डने तिथे मठ स्थापन केला. दरवर्षी पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी तिथे नाचत जाणारी मिरवणूक निघते. माणसं ओळीने रुमालांची टोकं धरून, वाद्यांच्या तालावर उड्या घेत पुढे सरकतात. तारीख जुळली तर नक्की जा. वारीतली पावली पाहिलेल्या माणसाला ते बघताना मजा येते. गावाच्या बाजूला म्युलरथालचा जंगलपट्टा आहे, वाळूच्या दगडाचे उंच कडे आणि त्यांतल्या फटींमधून जाणारी वाट. पूर्ण ट्रेल ११२ किलोमीटरची आहे, पण दोन तासांचे तुकडेही करता येतात. पाऊस झाला असेल तर दगड निसरडे असतात. सह्याद्रीत घालता तेच बूट घाला.

आता खाण्याचं बोलू. तिथे दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन. अडीचला गेलात तर किचन बंद. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद, सोमवारी बरीच रेस्टॉरंट बंद. म्हणून शनिवारी ब्रेड, फळं, दही, चीज घेऊन ठेवायचं. शाकाहारी लोकांसाठी: "भाजी आहे" एवढं ऐकून थांबू नका. सूपमध्ये, पिठाच्या गोळ्यांमध्ये, बीन्समध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे. फ्रेंचमध्ये त्यांना 'लार्दों' म्हणतात. "सां लार्दों, सां व्हियांद" म्हणजे ते तुकडे नको आणि मांसही नको, एवढं वाक्य पाठ करा. जत्रेत आणि बाजारात बटाट्याचे कुरकुरीत वडे मिळतात, नाव 'ग्रोम्परेकिशेल्शर'. आईला फार आवडले. त्यात अंडं असतं, हे मला नंतर कळलं आणि मी तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतोय. सॉरी आई. भेटल्यावर 'मोयेन' म्हणा, निघताना 'एडी'. लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन तिन्ही भाषा चालतात, शहरात इंग्रजीवर काम भागतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली सोबत ठेवा. कार्ड सगळीकडे चालतं. मशीनने "रुपयांत की युरोत?" असं विचारलं तर नेहमी युरो दाबा, रुपयांत दर वाईट लावतात.

बरं. आता तो दंड.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, जर्मनीतलं ट्रियर तासाभरावर आहे, रोमन लोकांनी बांधलेलं पोर्टा निग्रा नावाचं प्रचंड दगडी दार आहे, बघून येऊ. चार दिवस फुकट फिरून मला सवय लागली होती. स्टेशनवर गेलो, गाडी उभी होती, बसलो. पासपोर्ट? हॉटेलच्या लॉकरमध्ये. हरवू नयेत म्हणून! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

लक्झेंबर्गचं शेवटचं स्टेशन वासरबिलिग. त्यानंतर साउअर नदीवरचा छोटा पूल, आणि पलीकडे जर्मनी. पाटी दिसली नाही, घोषणा झाली असेल तर मला कळली नाही. डबा तोच, खुर्ची तीच, खिडकीबाहेर द्राक्षाचे मळे तसेच. पण फुकट प्रवास त्या पुलावर संपला होता. पाचेक मिनिटांत तपासनीस बाई आल्या. मी सवयीने हसून म्हटलं, "फ्री, फ्री." त्या म्हणाल्या, "लक्झेंबर्गमध्ये."

जर्मनीत विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो. माणशी. तिघांचे १८०. आपल्या पैशांत सतरा हजारांच्या वर. मी सुरू झालो: आम्ही टुरिस्ट आहोत, माहीत नव्हतं, पाटी नव्हती, आत्ता तिकीट काढतो. आवाजही चढला असेल. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. मराठीत म्हणाले, "माहीत नव्हतं, हे मी ३१ वर्षं ऐकलंय. बाई त्यांचं काम करतायत. पैसे दे."

मी कार्ड काढलं. मग त्यांनी ओळखपत्र मागितलं. फोनमधले पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो दाखवले. त्यांनी त्यावरून नावं लिहून घेतली, पावती दिली आणि शांतपणे सांगितलं की मूळ पासपोर्ट जवळ ठेवत जा, हल्ली सीमेवर पोलीस तपासतात. ते खरंच आहे. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. त्या दिवशी पोलीस चढले असते तर गोष्ट १८० युरोंवर थांबली नसती.

ट्रियर बघितलं. येताना आधी मशीनवर जाऊन ट्रियरपासून सीमेपर्यंतची तिकिटं काढली. बाबांनी तीनही तिकिटांवरची तारीख आणि स्टेशन चष्मा लावून तपासलं आणि मगच गाडीत चढले. दंडाबद्दल त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत. रात्री आई म्हणाली, "त्यांना पैशाचं नाही लागलं. डब्यातले लोक बघत होते ना, ते लागलं." ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना "तिकीट दाखवा" म्हटलं, त्याला माझ्या आळसामुळे चारचौघांत मान खाली घालावी लागली. दोन मिनिटं तिकिटाचे नियम वाचायचे होते. कोडमधली लायसन्स वाचतो, हे नाही वाचलं.

म्हणून लहान देशात फिरताना माझा पहिला नियम आता हा आहे: सीमा कुठे आहे आणि तिथे काय काय संपतं, ते आधी बघायचं. लक्झेंबर्गमध्ये तुम्ही कुठेही असा, सीमा जवळच असते. तिथे फुकट प्रवास संपतो. दुकानांच्या सुट्ट्या आणि दंडाचे नियम बदलतात. फोन तर तुमच्याही आधी शेजारच्या देशाचं नेटवर्क पकडतो, त्यामुळे भारतातून रोमिंग पॅक घेत असाल तर त्यात जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमही आहेत ना ते तपासा. व्हिसा मात्र तोच चालतो. पण मूळ पासपोर्ट अंगावर, आतल्या खिशात. फोटो फोनमध्ये, आणि एक झेरॉक्स हॉटेलमध्ये. मी बरोबर उलटं केलं होतं.

पाचव्या दिवशी आम्ही शेंगेनला गेलो. हो, शेंगेन हे खरं गाव आहे! मोझेल नदीकाठी, द्राक्षाच्या मळ्यांत, अगदी छोटं. शहरातून बसने जाता येतं. नदीपलीकडे जर्मनी, चार पावलांवर फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी तिथे 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर पाच देशांनी करार केला की आपापसातली सीमेवरची तपासणी हळूहळू बंद करायची. प्रत्यक्षात ती बंद व्हायला १९९५ चा मार्च उजाडला. ज्या नावाच्या व्हिसासाठी आपण फायली भरून रांगेत उभे राहतो, ते गाव बघायला पंधरा मिनिटं पुरतात. आम्ही दोन तास बसलो. शीटमध्ये नव्हतं ते.

बाबा नदीवरच्या पुलाकडे बघत होते. मला विचारलं, "या पुलापलीकडे आपलं तिकीट चालतं का?" म्हटलं, पलीकडे जर्मनी आहे, मी आधी बघतो. त्यांनी मान डोलावली आणि आतल्या खिशावर हात ठेवून पासपोर्ट आहे याची खात्री केली. मग आम्ही पायी पूल ओलांडला. पायी जायला तिकीट लागत नाही.

तर मंडळी, एवढंच. सहा रात्री ठेवा, निदान चार. एकाच ठिकाणी राहा. शेवटच्या बसचा फोटो काढा. 'सां लार्दों' पाठ करा. सीमा ओलांडणार असाल तर आधी तिकीट काढा. आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर त्यांच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट शोधून ठेवा आणि त्यांच्या मानासाठी नियम वाचून ठेवा.

काही शंका असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देतो. पावती अजून आहे, बाबांनी ती जुन्या पासच्या पाकिटात ठेवलीये. ज्याला बघायचीय त्याने आमच्याकडे चहाला यावं. भेटूया!